शेवंताबाईंची वाटी

आज फडताळ पुसताना मागून स्टीलची वाटी निघाली. वर शेजारच्या शेवंताबाईंचं नाव कोरलेलं. नणंदेच्या लग्नानंतरची ती सकाळ आठवली. लग्नासाठी शेजाऱ्यांकडून उसनी आणलेली भांडी मी नावं वाचून वेगळी करत होते. लग्नाला आलेला माझा धाकटा भाऊ लॅपटॉपपुढं डोकं धरून बसला होता.

"अक्का, प्रिंटर चालवणारा आमचा प्रोग्राम दर पानाला मेमरी घेतो, पण सगळी परत देत न्हाई. मेमरी संपून कॉम्प्युटर बंद पडतो. सोमवारपर्यंत कोणती मेमरी परत यायची राहते ते सापडलं न्हाई, तर नोकरी गेली."

मी भीत भीत म्हटलं, "घेतानाच नाव घाल की, भांड्यावानी."

तो हसला नाही. मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला त्यानं खूण घातली. दुपारी ओरडला, "अक्का, सापडलं! एकच तुकडा राहून जात व्हता!"

मला केवढा अभिमान वाटला होता. ही वाटी तेव्हाच मागं राहिली असणार. शेवंताबाई जाऊन चार वर्षं झाली. त्यांनी कधी मागितली नाही.