बॅटऱ्यांची गोधडी

देवपुजारीकाका गाडीत बसण्याआधी रस्त्यावर नाचत. म्हणजे बघणाऱ्याला तसं वाटे. खरं तर ते बुटाची टाच बर्फावर दाबत, जरा घसरून बघत, पुन्हा दाबत. ॲन आर्बरमधल्या त्यांच्या घरासमोर हिवाळ्यात रोज सकाळी हा कार्यक्रम चाले आणि समोरची अमेरिकन म्हातारी कॉफीचा कप घेऊन खिडकीतून बघत उभी राही. मग काका निकाल जाहीर करत, "आज साखर आहे," किंवा "आज काच आहे." साखर म्हणजे भुरभुरीत बर्फ, त्यावर चाक धरतं. काच म्हणजे गुपचूप घरी बसा.

काका मूळचे नागपूरचे, विद्यापीठातल्या इलेक्ट्रिकल लॅबमध्ये टेक्निशियन. मी सांगते ती गोष्ट ऐंशीच्या दशकातली. विजेची गाडी म्हटलं की तेव्हा लोकांना गोल्फच्या मैदानावरचा गाडा आठवे. काकांनी एका जुन्या छोट्या गाडीचं इंजिन काढून मोटर बसवली, मागची सीट उपटली आणि तिथे चौदा बॅटऱ्या रचल्या. थंडीत बॅटऱ्या मरगळतात म्हणून त्यांच्यावर सुशीलाकाकूंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली जाड गोधडी. हीटर होता, पण तो लावला की गाडी निम्म्या वाटेतच मान टाकणार. त्यामुळे आम्ही माकडटोप्या घालून, काच धुरकटू नये म्हणून खिडकी बोटभर उघडी ठेवून, कुडकुडत जायचो. बॅटऱ्यांना गोधडी आणि बायकोला गारठा, असं काकू येईल त्याला ऐकवत.

मी सांगलीहून एम.एस. करायला आलेली, त्यांच्या तळघरातल्या खोलीत राहणारी, आणि अव्वल दर्जाची भित्री. सांगलीत गाडी चिखलात रुतते, पण निदान जागच्या जागी रुतते. इथे ब्रेक दाबला तरी ती आपल्या मनानं चालत राहते, हे बघून माझी बोबडीच वळली. मला शिकाऊ परवाना काढायला लावून काकांनी रविवारी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये शिकवणी सुरू केली. मुद्दाम गाडी घसरवायला लावत. बॅटऱ्यांमुळे हिचं शेपूट जड आहे, ते सरकलं की पेडलवरचा पाय उचल, ब्रेकला शिवू नकोस आणि जिकडं जायचं तिकडंच बघ, हा त्यांचा पाठ. मोटरला इंजिनासारखी कुरकुर नाही, पाय जरा जड पडला की ती एकदम ओढ घेते, म्हणून पेडल नुसत्या अंगठ्यानं दाबायचं. गाडीला दचकवायचं नाही, असं ते म्हणत.

एकदा गाडी गर्रकन फिरली आणि मी रडायलाच लागले. काकांनी खिशातून फुटाणे काढून माझ्या हातावर ठेवले.

"घाबरून राहिली का? घाबर की. मी पण घाबरतो. पण भीती पोटात ठेवायची, पायात उतरू द्यायची नाही."

काका घाबरतात यावर माझा काडीचाही विश्वास बसला नाही.

त्या जानेवारीत मराठी मंडळाचं हळदीकुंकू गावाबाहेरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. दुपारची वेळ. फरशी बर्फासारखी गार आणि बायका, मुलं खाली बसणार. कुणीतरी विचारलं, अंथरायला काही आहे का? मी अतिउत्साही. पळत गेले, काकांच्या गाडीतली गोधडी ओढून आणली आणि अंथरली. सगळ्यांनी वाहवा केली. मी तिळगूळ वाटण्यात इतकी रमले की गोधडी पार विसरून गेले. बाहेर तीन तास पाऊस पडत होता आणि पडता पडता गोठत होता.

काका मला शोधत आले. जरा ॲसिडिटी झाली आहे, घरी जाऊ, म्हणाले. काकू आवराआवर करून दुसऱ्यांच्या गाडीनं येणार होत्या. बाहेर काका गाडीच्या मागच्या काचेपाशी क्षणभर थांबले. दम खात असतील, असं मला वाटलं. आणि त्या दिवशी त्यांनी टाच दाबून बघितलीच नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दोनेक मैलांवर त्यांनी गाडी हळूच कडेला घेतली. कपाळावर घाम. त्या थंडीत घाम! डावा हात छातीशी धरला होता. मागेपुढे शेतं, ना घर ना फोन. ते म्हणाले, "तू इकडं ये. हॉस्पिटल चार मैल आहे."

मी चालवायला बसले आणि आरशात बघितलं. चौदा बॅटऱ्या उघड्या. काकांचा जीव आता या बॅटऱ्यांवर होता आणि त्या मी गारठवून ठेवल्या होत्या. मी चार्जचा काटा बघायला वाकले. काकांनी डोक्यावरची माकडटोपी काढली आणि चार्जच्या मीटरवर अडकवली.

"काट्याकडं नाही, रस्त्याकडं बघ."

पेडल अंगठ्यानं दाबत निघाले. रस्ता नुसती काच. काका डोळे मिटून बसलेले, मधूनच टोपीचा कोपरा सारखा करत. नदीवरच्या पुलावर शेपूट सरकलं. कठडा सरळ माझ्याकडे यायला लागला. माझा पाय ब्रेककडे निघाला होता, देवाशपथ निघाला होता. शेजारून पुटपुटल्यासारखा आवाज आला, "पोटात." मी पाय उचलला, पुलाच्या पलीकडच्या टोकाकडे बघितलं आणि गाडी हलकेच सरळ झाली. पुढचा चढ आम्ही बैलगाडीच्या वेगानं चढलो. हॉस्पिटलच्या दारापासून वीस पावलांवर गाडी थांबली ती थांबलीच. मी हॉर्न दाबला, तर त्याचाही आवाज चिरका. मग दार उघडून धावले, दोनदा पडले, आणि ओरडत आत गेले.

काका वाचले. पुढे अकरा वर्षं जगले, नातवंडांनाही गाडी घसरवायला शिकवून गेले. पण ते हॉस्पिटलमधून घरी आले तोवर मला धड झोप नव्हती. तीच गोधडी पांघरून ते आरामखुर्चीत बसले होते. मी समोर जमिनीवर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्यांना माहीत होतं. हॉलबाहेरच दिसलं होतं. गारठलेल्या बॅटऱ्यांवर पुन्हा गोधडी घालून उपयोग नव्हता, म्हणून बोलले नाहीत. काटा पुलाच्या आधीच तळाला गेला होता. टोपीचा कोपरा सारखा करत होते, ते काट्याकडे बघायला.

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?"

काका म्हणाले, "पेडल तुझ्या पायाखाली होतं. माझे पाय मोकळेच होते. म्हटलं, घाबरायचं काम आपण करू."