होमाचा वास

शामसुंदर गायधनी साठी उलटेपर्यंत कसल्याही व्यसनाच्या वाटेला गेले नव्हते. पंचवटीतल्या भिक्षुकाच्या घरात त्यांचा जन्म. वडील गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, दशक्रिया, श्राद्धं चालवायचे, आणि दर्भ-तीळ मांडायला थोरल्या मुलाला बरोबर न्यायचे. त्यामुळे मंत्र शामसुंदररावांना न शिकताच पाठ झाले. पण पुढे त्यांनी डिप्लोमा केला, सातपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात चिकटले, इंदिरानगरला फ्लॅट घेतला, आणि घरची भिक्षुकी धाकट्या किशोरच्या गळ्यात पडली. कारखान्यात कोणी विचारलं, "भाऊ काय करतो हो तुमचा?" तर ते म्हणायचे, "आहे त्याचा छोटासा व्यवसाय." गंगेवर बसतो, हे शब्द सगळ्या नोकरीत त्यांच्या तोंडून निघाले नाहीत.

पाइपाचं वेड त्यांना लागलं ते व्याह्यांमुळे. मुलगा शौनक, सून यशश्री आणि तिचे आईवडील असे सगळे एका रविवारी विंचूरकडच्या एका वायनरीत जेवायला गेले होते. व्याही जहाजावर मोठ्या हुद्द्यावर नोकरी केलेले. जेवणाआधी शामसुंदरराव नाशिकच्या पाणीयोजनेबद्दल काहीतरी सांगत होते. कोणी ऐकत होतं, कोणी नव्हतं. मग व्याह्यांनी खिशातून पाइप काढला, सावकाश भरला, पेटवला आणि एक झुरका सोडून म्हणाले, "मला वाटतं..." एवढ्यावर सगळं टेबल गप्प झालं. त्यांना काय वाटत होतं ते शामसुंदररावांना नंतर आठवलंही नाही. आठवली ती शांतता. आपल्या बोलण्याआधी अशी शांतता उभ्या जन्मात कधी पसरली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात ते कॉलेज रोडवरच्या एका सिगारच्या दुकानात शिरले. शिरण्यापूर्वी समोरच्या फुटपाथवरून दोन फेऱ्या मारल्या, ओळखीचं कोणी नाही ना ते पाहिलं. दुकानदार मध्यमवयीन, सौम्य बोलणारा गृहस्थ होता.

"कोणासाठी हवाय, काका?"

"आमच्या व्याह्यांसाठी. भेट द्यायचाय."

"ते ओढतात की नव्यानं सुरू करणार आहेत?"

शामसुंदरराव अडखळले. "नव्यानंच म्हणा."

"मग मोठा घेऊ नका. मक्याच्या कणसाचा येतो, स्वस्त असतो, तोंड भाजत नाही. त्यावर हात बसला की ब्रायरचा घ्यावा. ब्रायर म्हणजे झुडपाच्या मुळाचं लाकूड, उष्णता सोसतं. तंबाखूही सुरुवातीला साधी."

पण कणसाचा पाइप तोंडात धरून आपण कसे दिसू, हे शामसुंदररावांनी मनातल्या मनात पाहून घेतलं. कपाटात सगळ्यात वर एक काळा, चकचकीत, जाडजूड वाकडा पाइप होता. त्यांनी तोच मागितला. तंबाखूही डबा सुंदर दिसला म्हणून चेरीच्या वासाची घेतली. दुकानदाराने पाइप साफ करायच्या काड्या आणि तंबाखू दाबायची छोटी दांडी बरोबर बांधून दिली.

घरी इंदिराबाई भाजी निवडत होत्या. पुडकं पाहून म्हणाल्या, "हे काय?"

"पाइप. विचार करायला बरा असतो म्हणे."

"इतकी वर्षं कशानं विचार करत होतात?" एवढं म्हणून त्यांनी गवार पुढे ओढली. गच्चीवर ओढायचा, घरात नाही, असं ठरलं.

पहिल्या दिवशी पाइप गच्च भरला गेला आणि ओढला तर नुसताच गाल आत गेला, धूर येईना. दुसऱ्यांदा सैल भरला, तर भसाभसा जळून जिभेला चटका बसला आणि रात्रीचं वरण तिखट लागलं. तिसऱ्यांदा त्यांनी धूर चुकून छातीत घेतला, घेरी आली, आणि ते पाण्याच्या टाकीला टेकून घामाघूम होऊन बसून राहिले. नेमकी तेव्हाच खालच्या मजल्यावरची हर्षाली पापड वाळत घालायला वर आली. "काका, बरं नाही का?" म्हणत ती पाणी आणायला धावली. तिची पाठ वळताच त्यांनी पेटता पाइप कुंडीमागे लपवला. आपलं वय काय आणि आपण करतोय काय, असं वाटून त्यांना कानकोंडं झालं.

तरी सुटलं नाही. ते परत दुकानात गेले आणि "व्याह्यांना जमत नाही" अशी तक्रार केली. दुकानदाराने हसू दाबत समजावलं, "तळाला लहान मुलाच्या हातानं भरायचं, मध्ये बाईच्या, वर पुरुषाच्या. म्हणजे खाली अलगद, वर जरा दाबून. पहिले काही दिवस अर्धाच भरू दे त्यांना, आतून काजळीचा थर धरला पाहिजे. धूर तोंडातच खेळवायचा. विझला तर पुन्हा पेटवायचा, त्यात लाज नाही. आणि एकदा ओढला की पाइपाला दिवसभर विश्रांती." या खेपेला त्यांनी लहान तोंडाचा सरळ ब्रायर घेतला. चेरीची तंबाखू गोड वासाची पण जीभ सोलणारी निघाली होती, म्हणून मग व्हर्जिनिया घेऊन पाहिली, आणि शेवटी लटाकिया मिसळलेली एक. लटाकियाचं पान लाकडाच्या धुरावर वाळवतात. डबा उघडला की थेट होमकुंडाजवळ बसल्याचा वास. तो वास मात्र शामसुंदररावांना पहिल्याच दिवशी आवडला. लहानपणी वडिलांच्या उपरण्याला असाच यायचा.

पावसाळा सरेपर्यंत त्यांचा हात बसला होता. तशात किशोरची कंबर धरली. डॉक्टरांनी त्याला आडवं केलं. त्याचा फोन आला.

"दादा, विंचूरचं एक कुटुंब आहे. उद्या त्यांचा दहावा. दुसरं कोणी मोकळं नाही. तुला सगळं पाठ आहे. एवढं एक निभावून ने."

"अरे, पण मी..."

"तुला गंगेवर बसायला आवडत नाही, माहीत आहे मला," किशोर शांतपणे म्हणाला. "एकच दिवस बस."

भावाला हे माहीत होतं, हे शामसुंदररावांना माहीत नव्हतं. ते लगेच हो म्हणाले.

सकाळी धोतर नेसून, उपरणं खांद्यावर टाकून ते तयार झाले. पण इतक्या वर्षांनी मंत्र आठवतील का, याची धास्ती होती. इंदिराबाई म्हणाल्या, "आज वर जाऊ नका. मेलेल्या माणसाचं कार्य आहे." "नाही जात," असं म्हणून, त्या आंघोळीला गेल्याबरोबर ते गच्चीवर गेले. लटाकिया भरली, घाईघाईने ओढली, वेलदोडा चावला आणि रिक्षा धरली.

घाटावर विंचूरची मंडळी बसली होती. गेलेले ते वाळूतात्या, त्यांची कांद्याची शेती होती. जन्मभर चुना-तंबाखू, त्याच्या कॅन्सरने शेवटी जबडा खाल्ला. अर्धा काढला, तरी उपयोग झाला नाही. मुलगा सुनील तिशीतला, नुकतंच डोकं भादरलेलं, मिशी काढलेली, त्यामुळे चेहरा शाळकरी पोरासारखा उघडा पडला होता. त्याची आई सावित्रीबाई बायकांच्या घोळक्यात पदर घेऊन बसली होती.

मंत्र आठवले. एकामागून एक आपोआप येत गेले. शामसुंदररावांना वाटलं, बरं जमतंय आपल्याला. पिंड मांडून झाले आणि सगळे बाजूला होऊन कावळ्याची वाट पाहू लागले.

कावळे आले, पण दुरूनच. पलीकडच्या कठड्यावर बसून राहिले. "आईला सांभाळीन तात्या," सुनील म्हणाला. कावळा हलला नाही. "बहिणीला दिवाळीला आणीन." नाही. चुलत्याने विहिरीचा वाद मिटवायचं कबूल केलं. तरी नाही. ऊन चढलं. मग सावित्रीबाई उठून पुढे आल्या.

"त्यांचा जीव कशात आडकलाय, मला ठावं हाय. जबडा काढल्यावर बोलता येत नव्हतं, तर पोराच्या खिशाकडं बोट दाखवायचे. सुनील, काढ ती."

सुनीलने मान खाली घातली. खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि पाण्याकडे भिरकावली.

"असं नाय," सावित्रीबाई म्हणाल्या. "गुरुजींच्या हातून पाणी सोड. गुरुजी, तुम्ही त्याच्याकडून वदवून घ्या. तुम्ही सोवळ्यातली माणसं, तुमच्यापुढं दिलेला शब्द टिकंल."

शामसुंदररावांनी पळी उचलली. आता मागे सरायला जागा नव्हती. सुनीलच्या ओंजळीत पाणी घालायला ते वाकले, तसं त्यांचं उपरणं त्याच्या तोंडासमोर आलं. सुनीलचं नाक हललं. त्याने वर पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यांत वितीचं अंतर होतं.

"गुरुजी," तो हळूच म्हणाला, "तुम्ही पण?"

"काय रे? काय म्हणतोस?" मागून सावित्रीबाईंनी विचारलं.

"होमाचा वास," शामसुंदरराव मोठ्याने म्हणाले. "सकाळी एका घरी होम होता. उपरण्याला धूर बसलाय."

इतकं सफाईने खोटं कुठून आलं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. सुनीलने मान वळवून आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "व्हय आई. होमाचाच हाय." आणि गुरुजी सांगतील ते शब्द त्याने मुकाट्याने म्हटले, पाणी सोडलं. थोड्याच वेळात एक कावळा खाली उतरला आणि पिंडाला चोच लावून गेला. बायका रडल्या. सावित्रीबाईंनी दोन्ही हात जोडले, ते पिंडाकडे होते की गुरुजींकडे, सांगता आलं नसतं.

शामसुंदररावांनी स्वतःची समजूत घातली, की त्याला पटलं असावं. पण त्याच संध्याकाळी ते गच्चीवर गेले, पाइप भरला आणि पेटवला. शपथ देऊन आलेला माणूस आहे आपण, हे झुरका घेता घेता त्यांच्या लक्षात आलं, तरी त्यांनी तो पाइप संपेपर्यंत ओढला. त्या खोट्यापेक्षा पुढे कितीतरी दिवस त्यांना याचीच जास्त लाज वाटत राहिली. इंदिराबाईंना ते काही सांगू शकले नाहीत. जेवताना त्या "काय होतंय?" विचारायच्या आणि हे "कुठे काय" म्हणून ताटात पाहायचे.

शेवटी एक दिवस त्यांनी विंचूरची एसटी धरली. सुनील कांद्याच्या बाजारात सापडला, लिलावाच्या रांगेत आपल्या ट्रॅक्टरला टेकून उभा. डोक्यावर केस फुटले होते. गुरुजींना पाहून तो चपापला आणि तोंड वळवून चाकापाशी पचकन थुंकला.

ती तंबाखूची पिंक होती, हे शामसुंदररावांना कळलं. तरी ते म्हणाले, "सुनील, त्या दिवशी होम नव्हता. मी पाइप ओढून आलो होतो."

"मला कळलं होतं, गुरुजी. तमाखूचा वास मला कळणार नाय?"

"मग तू आईला होमाचा का म्हणालास?"

"तिला काय सांगणार? तिच्या जिवाला तेवढाच आधार होता." तो तोंड पुसत म्हणाला. "तुम्हाला चारचौघांत उघडं पाडून तात्या काय परत येणार व्हते?"

"आणि तू... सोडली नाहीस?"

"घरी जाताना गाडीतच खाल्ली. म्हणलं, पाणी सोडायला लावणाऱ्यालाच नाय जमत, मला कुठलं जमायला." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर शामसुंदररावांना उभं राहणं सोपं गेलं असतं.

"मी तुझ्या आईला खरं सांगतो. त्यासाठीच आलोय."

सुनीलने त्यांचा दंड धरला. "नका गुरुजी. ती गावभर सांगती, माझ्या पोरानं गंगेवर तमाखू सोडली. मी घरात खात नाय. तेवढं तरी राहू द्या तिला."

पण आलेल्या गुरुजींना घरी न नेता पाठवणंही बरं दिसेना, म्हणून लिलाव उरकल्यावर तो त्यांना घरी घेऊन गेला. सावित्रीबाईंनी ओसरीवर सतरंजी टाकली, चहा ठेवला. चहा देऊन त्या पदर सावरत खाली वाकल्या आणि शामसुंदररावांच्या पायांवर डोकं टेकवलं. "तुमच्यामुळं माझं पोरगं सुटलं," त्या म्हणाल्या. शामसुंदररावांचे पाय मागे सरले, पण मागे भिंत होती. सुनील उंबऱ्यात उभा राहून बाहेर ट्रॅक्टरकडे पाहत होता. शामसुंदररावांनी हात वर केला, आशीर्वादाचे शब्द ओठांवर आले आणि तिथेच राहिले. "बसा वहिनी, बसा," एवढंच ते म्हणू शकले. चहा कसा होता, ते त्यांना सांगता आलं नसतं.

परतीच्या एसटीतून ते घरी न जाता पंचवटीत उतरले. किशोर अजून पलंगावरच होता. त्याच्याजवळ बसून त्यांनी सगळं सांगितलं. पाइप, गच्ची, होम, सावित्रीबाई, काही वगळलं नाही. किशोरने ते ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "दादा, ती बाई माझी यजमान आहे. आता दरवर्षी श्राद्धाला मी तिच्या डोळ्याला डोळा कसा देऊ?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

पाइप त्या दिवसापासून सुटला. सहा महिन्यांची सवय ती, सुटायला फार जड गेली नाही, आणि त्याचंही त्यांना कौतुक वाटलं नाही. किशोर बरा झाल्यावर गर्दीच्या दिवसांत ते घाटावर त्याच्या मदतीला जाऊ लागले. आता कोणी विचारलं तर सांगतात, आम्ही दोघे भाऊ गंगेवर बसतो. पण एखाद्या घरच्यांनी मुलाला व्यसन सोडायची शपथ द्यायला सांगितलं, की ते पळी खाली ठेवतात आणि किशोरला पुढे बोलावतात.

सुनीलला ते अधूनमधून फोन करतात. बहुतेक वेळा तो उचलत नाही. एकदा उचलला. मागे बाजाराचा गलका चालला होता.

"कमी केलीस का रे?" शामसुंदररावांनी विचारलं.

"नाय गुरुजी," सुनील म्हणाला. "तुम्हाला खोटं कशाला सांगू?"