सोबतीचा माणूस

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या घरची सोळा माणसं समुद्र बघायला कोकणात गेली. सतरावा माझा धाकटा भाऊ. तो मळ्यात थांबला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन लागेना. फोन का लागत नाही ते मलाही ठाऊक नव्हतं. पण रात्री तो कुठे होता आणि एकटा का होता, हे त्या सोळा जणांत फक्त मला ठाऊक होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. त्या सकाळी नाही, आणि नंतरची तीन वर्षंही नाही. मी मुळातच कमी बोलतो, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटलं नाही.

अवसरी बुद्रुकच्या शिवारात आमचा मळा आहे. शेती भाऊ बघतो, मी मंचरला एका शाळेत क्लार्क आहे. हिशेब जमतो, म्हणून घरातलं कार्य असो की देवदर्शन, आखणी माझ्याकडे. त्या वर्षी दोघी बहिणींनी धरलंच, की पोरं मोठी व्हायला लागली, एकदा सगळ्यांनी मिळून समुद्र बघू. मोठी बहीण जुन्नर तालुक्यात दिलेली. ती फोनवर म्हणाली, "दादा, खर्च बेतानं बघ बरं का. आमच्याकडं यंदा टोमॅटोनं मार दिलाय." मी म्हणालो, "घरटी आठ हजार. त्याच्यावर एक रुपया नाही." आकडा तोंडातून गेला आणि मग तो माझा झाला.

आठ हजारांत बसवायचं म्हणजे सोपं नव्हतं. गॅसची टाकी, शेगडी, पातेली घरून. दोन वेळचे धपाटे, ठेचा, चिवडा बांधून. श्रीवर्धनच्या अलीकडे एका गावात घरगुती दोन मोठ्या खोल्या, बायका एकीत, पुरुष एकीत. राहिली गाडी. नारायणगावचा गाडीवाला सतरा सीटच्या गाडीचा भाव ऐकवायला लागला तेव्हा मी पंचांग काढलं. लग्नतिथी नसलेले चार दिवस शोधले. तिथी नसली की गाड्या दारात उभ्या असतात. तो हसला, म्हणाला, "राव, तुमी आमच्या धंद्यात पाहिजे व्हता," आणि बराच खाली आला.

मला फार बरं वाटलं होतं, हेही इथे सांगून टाकतो.

त्या चार दिवसांत लग्नं नव्हती, पण रातची लाईट होती. शेतीच्या मोटारीला आमच्याकडे एक आठवडा दिवसा लाईट मिळते, एक आठवडा रात्री. भावाची अर्धा एकर उन्हाळी कोथिंबीर उभी होती. ऐन मे महिन्यात कोथिंबिरीचं पाणी चुकवता येत नाही, दोन दिवसांत पिवळी पडते. आणि मळ्याच्या दोन्ही अंगांना ऊस. उसात बिबट्या असतो. असेल असं नाही, असतोच. म्हणून वस्तीवर कुणी रातच्या पाण्याला एकटं जात नाही. एकानं फावडं धरून वाफे भरायचे, दुसऱ्यानं बॅटरी फिरवत मोठमोठ्यानं बोलत उभं राहायचं. आमच्या घरात फावडं भावाचं आणि बॅटरी माझी. अबोल माणसाला रात्रभर बोलायला लावायचं म्हणून भाऊ हसायचा. मी पाढे म्हणायचो.

गाईंपाशी घरचं माणूस लागतंच. "मी थांबतो, धारा दुसऱ्याच्या हाताला यायच्या न्हाईत," असं भाऊ आपणहून म्हणाला. मग विचारलं, "पर रातच्याला माझ्यासंगं कोण?"

"लोणीचा माणूस सांगितलाय," मी म्हणालो.

आणि खरंच सांगितला होता. लोणीचा एक जण रातच्या पाण्याला मजुरीनं जायचा. पण निघायच्या दोन दिवस आधी त्याचा फोन आला. "सर, मागल्या हप्त्यात तुमच्या खालच्या वस्तीवर कालवड नेली. मी एकला येत न्हाई, आमी दोघं येऊ. दोघांचं पैसं द्यावं लागतील." चार रात्रींचे दोघांचे पैसे धरले की घरटी आठ हजारांचं गणित मोडत होतं. फार नाही मोडत. प्रत्येकानं दोनतीनशे जास्त दिले असते तर भागलं असतं, आणि कुणी कुरकुरलंही नसतं. मोठी बहीण फार तर म्हणाली असती, "झालं का, दादाचा आकडा बी हलला." ते मला ऐकायचं नव्हतं. मी लोणीच्या माणसाला म्हणालो, "राहू दे, आमचं आम्ही बघतो." भावाला मात्र सांगितलं नाही.

मंगळवारी पहाटे गाडी आली. मोठ्या बहिणीचं कुटुंब नारायणगावलाच बसलं होतं. कळंबपासून हॉर्न वाजवत आले म्हणे. भावाच्या सीटवर गॅसची टाकी ठेवली आणि पडू नये म्हणून तिला पट्टा लावला. भाऊ खिडकीशी येऊन बायकोला म्हणाला, "समुद्राचं पानी बाटलीत भरून आण, गाईला दाखवू." ती म्हणाली, "तुमालाच दाखवते आल्यावर. रातच्याला तो माणूस आल्याबिगर खाली उतरू नका." तो म्हणाला, "दादानी केलंय ना समदं." मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मागे वळलो नाही.

ताम्हिणीत पोरांना उलट्या झाल्या, आईनं लिंबू चोखायला दिलं, दुपारी पोचलो. दिवस मावळताना सगळे पाण्यात होते. साठीपुढची आई गुडघाभर पाण्यात दोन सुनांचे हात धरून किंचाळत होती. तेवढ्यात भावाचा फोन.

"दादा, तो माणूस आला न्हाई अजून."

मी लाटांकडे पाठ केली. तिथे खरं सांगता आलं असतं. 'येणार नाही, तू आज पाणी भरू नको, पिवळी पडू दे कोथिंबीर,' एवढंच बोलायचं होतं. मी म्हणालो, "येईल रे. निघाला असेल."

"त्याचा नंबर हाये का तुझ्याकडं?"

"माझ्याकडे जुना आहे, लागत नाही. येईल तो."

"बरं," तो म्हणाला. मग विचारलं, "आई पाण्यात गेली का?"

"गेली."

"बरं झालं," म्हणाला, आणि फोन ठेवला.

सकाळी सहाला मी उठून बाहेर गेलो आणि फोन लावला. बंद. सहा वाजता तो धारा काढतो, फोन खांबाला अडकवलेला असतो, त्यावर गाणी चालू असतात. साडेसहाला लावला. बंद. सातला त्याच्या बायकोनं विचारलं, "दादा, यांचा फोन तुमाला लागतोय का? मला बंद लागतोय." मी म्हणालो, "रेंज नसेल. इथे लागतच नाही कुणाचा." तिच्या हातातल्या फोनवर तिनं नुकतंच माहेरी बोलणं केलं होतं. ती पोह्यांचे कांदे चिरायला बसली.

वाळूत चादरी टाकून सगळे पोहे खात होते. वाढत होती भावाची बायको. मला वाढायला आली आणि पुन्हा म्हणाली, "लोणीच्या त्या माणसाला लावून बघा की. रातभर संगं व्हता तो." मी फोन कानाला लावून लांब चालत गेलो. फोन लावलाच नव्हता. परत येऊन म्हणालो, "तोही उचलत नाही. झोपला असेल." मग ताट हातात घेतलं, कारण न घेतलं असतं तर कळलं असतं. मी ते सगळे पोहे खाल्ले.

त्यानंतर खोल्यांच्या मागे जाऊन शेजारच्या मळेकऱ्याला फोन केला. तो डेअरीत दूध घालून परतत होता. "तुमचं दूध आलं न्हाई आज," तोच आधी म्हणाला. "मला वाटलं भाऊ बी गेला तुमच्यासंगं." मी म्हणालो, "विहिरीकडे जाऊन बघ. पळत जा." माझा आवाज ऐकून त्यानं पुढचं विचारलं नाही.

वीस मिनिटं लागली असतील. त्या वीस मिनिटांत समोर माझी पोरं, त्याची पोरं एकमेकांना वाळूत पुरत होती. त्याच्या लहानीला गळ्यापर्यंत पुरली होती आणि ती हसत होती. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही हलवता येत नव्हती.

भाऊ सापडला. जिवंत होता. रात्री वाफे भरताना बांधावर डोळे चमकले. बिबट्या घर आणि त्याच्या मधोमध बसला होता, उठायला तयार नव्हता. धावताना भावाचा फोन वाफ्यातल्या पाण्यात गेला. तो मोटारीच्या खोलीच्या स्लॅबवर चढला आणि उजाडेपर्यंत तिथंच बसून राहिला. उजाडल्यावर बिबट्या दिसेना, गाई हंबरायला लागल्या, धारांची वेळ निघून चालली, म्हणून घाईघाईनं त्यानं वरून उडी मारली. डाव्या टाचेचं हाड मोडलं. विहिरीपासून घर लांब, हाका कुणाला ऐकू गेल्या नाहीत. शेजारी पोचला तेव्हा तो बांधाबांधानं सरपटत निम्म्या वाटेत आला होता.

मी सगळ्यांना सांगितलं तेव्हा भावाच्या बायकोनं एकच विचारलं, "तो माणूस कुठं व्हता?"

"आलाच नाही वाटतं," मी म्हणालो.

शेजाऱ्यानं त्याला दवाखान्यात नेलं, आम्ही तशीच गाडी काढली. मंचरच्या दवाखान्यात ती आधी आत गेली. मी दाराशी उभा होतो. भाऊ तिला सांगत होता, "त्याच्या घरात अडचण आली अचानक, त्याला काय करायचं? तू लोणीकराला काय बोलू नको." मला वाटलं, त्यानं आपल्या मनानंच तसं धरून घेतलं असेल. मला सुटल्यासारखं वाटलं. तेव्हापासून तो डावा पाय टेकवताना आधी बोटं टेकतो. जास्त वेळ उभं राहवत नाही, म्हणून दोन गाई विकल्या.

यंदा फेब्रुवारीत मंचरच्या बाजार समितीच्या दारात लोणीचा माणूस भेटला. त्यानं टाचेची चौकशी केली. मग म्हणाला, "सर, एक मनात राहिलंय. त्या दिशी सांच्याला तुमच्या भावाचा फोन आलता मला, कुणाकडनं तरी नंबर घेऊन. का आला न्हाई म्हनून. मी म्हनलं, तुमच्या दादानीच नको म्हनलं. मी चिडून बोललो जरा. मग म्हनलं, येऊ का आता? तर म्हनले, नको, आता कशाला, दादाला कळलं तर वाईट वाटंल."

गाडी तिथंच ठेवून मी चालत मळ्यात गेलो. भाऊ गोठ्यात पाटावर बसून धार काढत होता. मी म्हणालो, "लोणीचा भेटला." त्याचे हात थांबले नाहीत.

"मग शेजाऱ्याला का नाही बोलावलं?" मी विचारलं.

"त्याला काय सांगू? दादानी माणूस रद्द केला आन् मला बोलला न्हाई? वस्तीत झालं असतं समद्यांच्या तोंडी." बादली सरकवून तो म्हणाला, "जाऊ दे ना दादा. तीन वर्सं झाली."

माझ्या खोटेपणावर पांघरूण घालायला तो एकटा रानात उतरला होता, आणि मी तीन वर्षं त्याला काही ठाऊक नाही असं समजून निश्चिंत झोपत होतो. मी म्हणालो, "मी घरात सांगणार आहे." तो पहिल्यांदा चिडला. "आता सांगून कुणाचं भलं व्हणार हाये? तुझं?"  

तरी मी सांगितलं. गेल्या महिन्यात बहिणी आल्या होत्या, यंदा पुन्हा कुठे तरी जाऊ असं चाललं होतं. मोठी म्हणाली, "दादा, आकडा सांग." मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पंचांग, लोणीचा फोन, पोह्यांच्या वेळचा खोटा फोन. आई माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत राहिली. बहिणी रडल्या. भाऊ म्हणाला, "झालं ना आता. च्या ठेवा कुणीतरी."

भावाची बायको उठली नाही. तिनं शांतपणे विचारलं, "मी पोहं वाढत व्हते तवा तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

"दुसऱ्यांदा घेतलं तुमी. मी विचारलं, अजून वाढू का, तर ताट पुढं केलं."

हे मला आठवत नव्हतं. पण तिला आठवतं म्हणजे तसंच झालं असणार.

"यांनी सोडून दिलं असंल," ती म्हणाली. "यांचा पाय हाये, यांचं हे बघतील. पर तुमी मला इच्यारलं असतं ना दादा, मी दोनशे काय, गळ्यातलं दिलं असतं. माझ्या माणसाची रात तुमी मला न इच्यारता हिशेबातनं वजा केली. मी न्हाई सोडणार."

मग तिनं बहिणींना सांगितलं की सहलीला तिची हरकत नाही, पोरांनी जावं, तिचा नवरा आणि ती दोघं घरी थांबतील. आणि लाईटचा आठवडा बघून तारीख ती सांगेल. भाऊ काही तरी बोलायला गेला, तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. चहा कुणी ठेवला नाही.

सहल अजून ठरलेली नाही. माझ्याशी ती कामापुरतं बोलते. जेवायला वाढते, पण आणखी हवं का असं विचारत नाही, आणि मीही मागत नाही.