परत आणायचे तीन रुपये

मी रागीट बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला बिचारी समजायला नको.

लेक सात वर्षांची झाली तरी तिला पैशातलं ओ की ठो कळत नव्हतं. कळणार कसं? नवरा चाकणला कंपनीत, मी घरी ब्लाउज शिवते, आणि आम्ही दोघंही भाजीपासून रिक्षापर्यंत सगळं मोबाईलवरच भागवतो. तिच्या लेखी पैसे देणं म्हणजे मोबाईल दाखवायचा नि निघायचं. म्हणून सुट्टीत मी डब्यातली चिल्लर काढली आणि फरशीवर दुकान मांडलं. शंभरपर्यंत ती घडाघडा म्हणायची, पण वीसमधून सतरा गेले तर किती उरले, असं विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत बसायची. आठवडाभर डोकं खाल्लं, तेव्हा बोटांवर मोजून तीन म्हणाली.

मग खरंखुरं दुकान. वीसची नोट, सतरा रुपयांचं दही. बाईसाहेब आल्या त्या दही आणि तीन चॉकलेटं घेऊन! सुट्टे नसले की आमचा दुकानदार हेच हातावर टेकवतो, मोठ्या माणसांनासुद्धा. माझं डोकंच फिरलं.

"चॉकलेटं दाखवून बसचं तिकीट मिळतं का गं? तीन रुपये हातात पडल्याशिवाय तिथून हललीस तर याद राख!" म्हणाले, आणि एक लगावली गालावर. चॉकलेटं खाऊसुद्धा दिली नाहीत.

चार दिवसांनी पुन्हा पाठवली, पावणेएकला. पाच मिनिटांचं काम. भात झाला, आमटीला फोडणी पडली, तरी हिचा पत्ता नाही. खिडकीतून डोकावले तर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. चपला न घालताच खाली धावले. दुकानाचं शटर बंद. तो दुपारी एकला बंद करतो ते थेट चारला उघडतो, हे मला चांगलं ठाऊक होतं.

आमच्या कासारवाडीत दोन गल्ल्या ओलांडल्या की रूळ. कडेच्या भिंतीला भगदाड पडलंय, माणसं खुशाल तिथून ये-जा करतात. मी तिकडे पळाले, तेवढ्यात गाडीचा भोंगा झाला. डबे धडधडत जात राहिले आणि मला पलीकडचं काही दिसेना. "देवा, एवढी पोर दे, पुन्हा हात नाही उगारणार," असं मी मोठमोठ्यानं म्हणत होते. गाडी गेली. रुळांवर काही नव्हतं, पलीकडेही कुणी नव्हतं.

घरी आली असेल म्हणून उलट पळत सुटले. दुकानाशेजारच्या बोळातून आवाज आला, "त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी..."

बोळातल्या पायरीवर सावलीला बसली होती. मांडीवर दह्याची पिशवी, फ्रॉक घामानं चिकटलेला.

"इथं काय करतेयस?" माझा आवाज फाटला.

"काका म्हणाले, सुट्टे नाहीत, चॉकलेट घे. मी नाही घेतलं. मग ते दुकान बंद करून जेवायला गेले." ती जागची उठलीही नाही. "चारला येतात ना? मी आकडे म्हणतेय. शंभर झाले की पुन्हा एकपासून."

"अगं, घरी यायचं ना, बाळा!"

"तूच म्हणालीस, हलायचं नाही."

मला रडूच फुटलं. तिला कवेत घ्यायला मी हात पुढे केला, तर तिनं झटकन दोन्ही हातांनी गाल झाकले. पिशवी मांडीवरून घसरून फुटली, दही पायरीवर पसरलं.

"मी मुद्दाम नाही पाडलं," ती म्हणाली. हात तसेच गालांवर होते.