पॅसेजमधलं झेब्रा क्रॉसिंग

"तुम्हाला पार्किन्सन्स आहे," असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या दिव्याकडे बघत होते. दिवा मधूनमधून लुकलुकत होता. मी म्हटलं, "मॅडम, ह्याचा आतला जॉइंट सुटलाय. सोल्डरिंग करून देऊ का?" शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याने कपाळावर हात मारला.

मॅडम न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टर. त्या हसल्या नाहीत. आधी दिवा बंद केला आणि मग शांतपणे समजावलं. मेंदूत डोपामाइन नावाचं एक रसायन असतं, ते कमी पडायला लागलं की ज्या हालचाली आपण विचार न करता करतो त्या अडखळतात. "हा आजार बरा होत नाही," त्या म्हणाल्या, "पण ह्याच्याबरोबर पुष्कळ वर्षं चांगलं जगता येतं. रडायचं असेल तर आजच्या दिवस रडून घ्या." मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी रडू आलं नाही, म्हणून घावणे केले.

माझी ओळख सांगते. मी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं सर्किटांचं सोल्डरिंग केलं. राळेचा धूर नाकात घेतच माझी उमेदीची वर्षं गेली म्हणा ना. शेवटच्या वर्षी त्या धुराचा वास येईनासा झाला. मला वाटलं, राळ भेसळीची आली असेल. मग घरी तव्यावर बोंबील करपले आणि मी शेजारी उभी असून मला पत्ता नाही. हजेरीच्या रजिस्टरमधली माझी सही मुंगीएवढी झाली. डावा हात मांडीवर स्वस्थ ठेवला की बोटं आपली नाणी मोजल्यासारखी हलायची. ही सगळी एकाच आजाराची लक्षणं असतील असं कुणाच्या स्वप्नात येणार? तुमच्या घरात कुणाला वास येईनासा झाला आणि अक्षर बारीक व्हायला लागलं, तर माझ्यासारखं वर्ष घालवू नका. दाखवून या.

मॅडमनी एमआरआय करून घेतला, तो दुसरं काही नाही ना हे बघायला. खरं निदान त्यांनी साध्या गोष्टींवरून केलं. चिमूट उघडमीट करायला लावली, कागदावर चकली काढायला लावली, आणि बाहेरच्या व्हरांड्यातून चालत जाऊन वळून यायला सांगितलं. चकली मला छान जमली असं वाटलं होतं. कागद बघितला तर ती शेंगदाण्याएवढी होती.

मग लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या. मेंदूत कमी पडणारं रसायन ह्या भरून काढतात. गोळीचा असर असतो त्या वेळेला 'ऑन' म्हणतात आणि उतरतो तेव्हा 'ऑफ'. आयुष्यभर यंत्रांना ऑन-ऑफ करत आले, आता मलाच बटण लागलं. पण गोळ्यांनी तीन वर्षं झकास गेली, हे सांगितलंच पाहिजे. भाजी आणणं, स्वयंपाक, बोरिवलीला लेकीकडे जाणं, सगळं चालू होतं.

चौथ्या वर्षी पाय चिकटायला लागले. ह्याला 'फ्रीझिंग' म्हणतात. चालता चालता पाय जागच्या जागी थिजतात. वरचं अंग पुढे जायला निघतं आणि पाऊल मात्र लादीला खिळतं. कुठेही नाही, नेमकं दारात, वळणावर, अरुंद जागेत. मुलुंडच्या आमच्या फ्लॅटमध्ये बेडरूम आणि हॉलच्या मध्ये पॅसेज आहे, त्यातच बाथरूमचं दार. भर दुपारीही तिथे उजेड नसतो. एका सकाळी त्याच पॅसेजमध्ये पाय चिकटले, मी जोर लावला आणि तोंडावर आपटले. उजव्या मनगटाला प्लास्टर.

त्या दिवसापासून नवरा माझ्या मागे सावलीसारखा. ह्यांची गोष्ट सांगायला हवी. हे कुडाळकडचे. गावच्या हौशी दशावतारी मंडळात दर वर्षी जत्रेला संकासुराचं सोंग करतात. काळा मुखवटा, लोंबणारी लाल जीभ, आणि लोकांना हसवून हसवून बेजार करायचं. वर्षभर बँकेतल्या शिपायाची नोकरी मान खाली घालून केली ती त्या आठ दिवसांच्या जोरावर. मी पडल्यावर दोन वर्षं हे गावाला गेले नाहीत. कारण विचारलं की म्हणायचे, "गुडघे दुखतत गो." गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. ह्या वर्षी मंडळाचा निरोप आला, येणार नसाल तर संकासुर दुसऱ्याला कायमचा देतो. हे फोनवर "द्या, द्या" म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला आतून त्यांची पाठ दिसत होती. माझ्या पायांनी माझं चालणं नेलं ते नेलं, त्यांचा संकासुर कशाला न्यावा?

त्याच आठवड्यात आम्ही मॅडमकडे निघालो होतो. दवाखाना घाटकोपरला, रस्त्याच्या पलीकडे. फूटपाथच्या कडेला माझे पाय चिकटले. ह्यांनी दंड धरून कसंबसं खाली उतरवलं. समोर झेब्रा क्रॉसिंग, नुकतंच रंगवलेलं. पहिल्या पांढऱ्या पट्ट्यावर पाय पडला, मग दुसऱ्यावर, आणि मी चालतच सुटले. हे मागे राहिले! पलीकडे पोचून मी वळले तर हे रस्त्याच्या मध्यात तोंड उघडं ठेवून उभे आणि एक रिक्षावाला त्यांना ओरडतोय, "ओ काका, फोटो काढायचाय का?"

मॅडमना सांगितलं तर त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. "ह्याला व्हिज्युअल क्यू म्हणतात, डोळ्यांना दिलेली खूण," त्या म्हणाल्या. "चालणं हे आपोआप होणारं काम आहे. तुमचं आपोआप बिघडलंय. पण समोर आडवी रेघ दिसली की मेंदू ती ओलांडायचं ठरवतो, आणि ठरवून टाकलेलं पाऊल वेगळ्या वाटेने येतं. ती वाट तुमची शाबूत आहे. घरात पट्ट्या लावून बघा. सगळ्यांना उपयोग होतो असं नाही, तुम्हाला होतोय."

घरी येऊन आम्ही पॅसेजमध्ये पांढरी चिकटपट्टी लावली. उजेडात ती चालली. पण पॅसेजमध्ये उजेड कुठे असतो? शिवाय फरशी पुसताना चार दिवसांत तिची टोकं सुटली आणि पाय अडकायची नवी भीती आली. तेव्हा माझ्या मनात आलं की रेघ उजेडाचीच काढली तर? उजेड कुणाच्या पायात येत नाही, आणि पुसून जात नाही. अंगातलं आपोआप गेलंय ना, मग ते घरात बसवू.

माझ्या हत्यारांच्या पेटीतून सोल्डरिंगची कानस, चिमटा, इस्त्री असं सगळं बाहेर काढलं. सोल्डरिंगच्या बंदुकीला आम्ही वर्कशॉपमध्ये इस्त्रीच म्हणायचो. थरथर आता उजव्या हातातही आली होती, त्यामुळे मनात धाकधूक होती, की थरथरत्या हाताने काय होणार? प्लास्टर केव्हाच निघालेलं, गोळीचा 'ऑन' चालू. इस्त्री उचलली आणि हात थांबला. एकदम गप्प. मी पुन्हा खाली ठेवली, बोटं नाचायला लागली. उचलली, गप्प. नंतर मॅडमनी सांगितलं की पार्किन्सन्सची थरथर बहुतेक वेळा 'रेस्टिंग ट्रेमर' असते, हात रिकामा असताना येते, काम दिलं की कमी होते. पडल्यापासून दोन वर्षं मी हाताला जपत रिकामा ठेवला होता! पहिला जॉइंट चकचकीत उतरला तेव्हा मी इतक्या मोठ्याने ओरडले की हे मोरीतून साबणासकट धावत आले.

वायरिंग लपवायची प्लॅस्टिकची पट्टी असते, तिला एकेका पावलाच्या अंतरावर बारीक फटी कापल्या. आत एलईडीची माळ. पट्टी भिंतीच्या तळाशी लावली की फटींतून उजेडाच्या रेघा जमिनीवर आडव्या पडतात. फटींची खोली जमेपर्यंत तीन पट्ट्या वाया गेल्या. कापायचं काम ह्यांचं, ओरडायचं माझं. दिवे सांभाळायला बोटाएवढा वायफायचा बोर्ड लेक स्वातीने आणला आणि त्यात प्रोग्रॅम कसा भरायचा हे व्हिडिओ कॉलवर शिकवलं. "आई, घाई नको गं," ती सारखी म्हणायची. घाई ह्या आजारात करताच येत नाही, हे तिला कोण सांगणार. माणूस आला की दिवे लागायला हवेत, म्हणून पीआयआर सेन्सर बसवला. माणसाच्या अंगाची ऊब हलताना ओळखणारा डोळाच तो.

अकरा रेघा पडल्या. मी बेडरूमपासून हॉलपर्यंत चालत गेले, वळले, परत आले. मग उगीचच आणखी दोनदा गेले.

"आता जत्रेला जा," मी ह्यांना म्हटलं.

"एक अट," हे म्हणाले. "पाच दिवस तू मला एकदाही हाक मारायची नाय. मारलीस, तर मी जाणार नाय आणि हा विषयही काढायचा नाय."

सोमवारी हाक नाही, मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. गुरुवारी सकाळी बाथरूमच्या दारापाशी जरा वळले आणि पाय चिकटले. ठीक आहे, म्हटलं, रेघ बघायची. रेघेकडे बघते तोवर सगळे दिवे गेले. वीज गेलेली नव्हती. सेन्सरला वाटलं, पॅसेजमध्ये कुणी नाही! हलणारा माणूस दिसला तरच तो जागा राहतो, आणि माझा आजार म्हणजे न हलणं. सव्वीस वर्षं ह्या धंद्यात काढून मी हे डोक्यात घेतलं नव्हतं. जिथे मला उजेड हवा, नेमका तिथे मी अंधार बसवला होता. दोन्ही हात भिंतीला, हलवायची भीती. शेवटी हाक मारली, "अहो!"

हे आले आणि सेन्सरसमोर दोन्ही हात वर करून संकासुरासारखे नाचायला लागले. दिवे लागले. हे थांबले की तीस सेकंदांनी दिवे जायचे, हे पुन्हा नाचायचे, जीभ बाहेर काढून. हसता हसता माझे पाय सुटले. पण पलंगावर बसले आणि हसू गेलं. तीन दिवस वाया गेले म्हणून नाही. ह्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निराशासुद्धा नव्हती. आपण जाणार नाही हे त्यांनी आधीच गृहीत धरलं होतं.

दिवे लागून राहायची वेळ वाढवली असती तर निम्मं काम झालं असतं. पण मी अडकलेय हे घराला कळायला हवं होतं. स्वातीने शोधून दिला तो मिलीमीटर वेव्ह सेन्सर. लहानसं रडार. श्वासाबरोबर छाती वरखाली होते, तेवढी हालचालही त्याला समजते. पहिल्या दिवशी त्याने बेडरूमच्या फिरत्या पंख्यालाच माणूस मानलं आणि दिवसभर पंख्याला वाट दाखवत बसला. त्याचं तोंड वळवलं, संवेदनशीलता कमी केली, मग शहाणा झाला. आता मी पॅसेजमध्ये पुतळ्यासारखी उभी राहिले तरी दिवे जात नाहीत. दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबले तर ह्यांच्या आणि समोरच्या कांबळेताईंच्या फोनवर निरोप जातो. कांबळेताईंकडे आमची किल्ली असते.

अट मोडली होती, विषय काढायचा नव्हता. मी काढलाच. "सेन्सर चुकला, मी नाही. परत पाच दिवस." ह्यांनी कॅलेंडरवर पेन्सिलने एक खूण केली. पाच खुणा झाल्या. दुसऱ्या खुणेच्या दिवशी मी दोनदा अडकले होते. उभी राहिले, श्वास घेतला, रेघ शोधली, निघाले. पाचव्या दिवशी मी कपाटावरून त्यांची जुनी पत्र्याची पेटी काढायला सांगितली. मुखवट्याची लाल जीभ उसवली होती. ती मी शिवली.

हे आठ दिवस गावाला गेले. रात्रीला स्वाती यायची, दिवसा मी एकटी. पॅसेज ओलांडला की ह्यांच्या फोनवर 'पार' असा एक शब्द जाईल अशी सोय मी केली होती. तिसऱ्या दिवशी स्वातीने ह्यांना फोन केला तर मागून सगळ्या मंडळाचा गलका. रंग लावत बसलेली माणसं, फोन वाजला की एकसुरात "पार!" ओरडत होती. आणि एकदा कांबळेताई धावत आल्या. मी अडकलेली नव्हते, पॅसेजमध्ये उभी राहून फोनवर बोलत होते. त्यांना चहा पाजला.

नवव्या दिवशी सकाळी मी पलंगावर बसून भाजी निवडत होते. दाराची किल्ली फिरली. पॅसेजमधल्या रेघा उमटल्या. मी वाट बघितली, पण कुणी आत येईना. दिवेही जाईनात. म्हणजे तिथे कुणीतरी उभं होतं, मुळीच न हलता, फक्त श्वास घेत.

मी उठले. अकरा रेघांच्या पलीकडच्या टोकाला हे उभे होते. खांद्यावर पेटी, कानाच्या मागे पुसायचा राहिलेला काळा रंग, आणि डोळे डबडबलेले.

"काय झालं?" मी विचारलं. "सोंग पडलं?"

त्यांनी मान हलवली. "लोक हसून हसून गडाबडा लोळले गो." मग खांद्यावरची पेटी सावरत म्हणाले, "तू झोपलीस की काय म्हणून बघत होतो. नंतर पायच उचलेना."

मॅडमनी सांगितलं होतं तसं मी आजही सांगते, हा आजार बरा होत नाही. ज्यांना आज पहिल्यांदा हे नाव ऐकावं लागलं असेल त्यांनी एक दिवस रडून घ्यावं. माझं पुढे काय होईल मला माहीत नाही. पण त्या सकाळी मी पॅसेजच्या माझ्या टोकाला, भिंतीला न धरता उभी होते, आणि अडकलेला माणूस समोरच्या टोकाला होता.

"रेघेकडे बघा," मी म्हटलं. "एकेक. घाई नको."

त्यांनी पेटी खाली ठेवली, आणि उजेडाच्या पहिल्या रेघेवरून पाय उचलून माझ्याकडे निघाले.