घरचीच गाडी

“सरका की मावशी, घरचीच गाडी हाय,” असं म्हणत ती माझ्या भाजीच्या पाटीला स्वतः हात लावायची. पारनेरला भाजी विकायला मी रोज त्याच एसटीने जाते. तुम्ही त्या गाडीला बसला असाल, तर ही कंडक्टर बाई तुम्हालाही आठवेल. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आत पाय ठेवायला जागा नसते. तरी पळत येणारी म्हातारी तिने कधी मागे सोडली नाही.

तिचं सासर वाटेवरच. फाट्यावर सासू नातीला कडेवर घेऊन उभी असायची. ही दारातून वाकून पोरीचा गाल धरायची, बिस्किटाचा पुडा द्यायची आणि डबल बेल मारायची. रात्री घरी पोचेपर्यंत पोरगी झोपलेली असे. ड्रायव्हर म्हणायचा, “पोरीला वाटत आसंल, आपल्या आईला चाकंच हायेत.” यावर तीच सगळ्यांत जास्त हसायची.

एका सकाळी सासू म्हणाली, “पोरगी तापलीय. डोळं फिरवतीय. उतर खाली.”

गाडी भरलेली. परीक्षेला निघालेली पोरं उभी. दुसरा कंडक्टर मिळाला तर पारनेरलाच मिळणार.

“गाडी लावून लगीच येते, आत्याबाई.” तिने डबल बेल मारली.

पोरगी वाचली. पण दवाखान्यात उशाशी आजी होती. त्यानंतर हिने हात पुढे केला की पोरगी आजीच्या मानेत तोंड घालायची. मग सासूने फाट्यावर येणंच बंद केलं.

इकडे हिचा हात पाटीला लागेना. माणूस पळत येताना दिसलं तरी डबल बेल. लोक म्हणाले, नोकरीचा माज आलाय. एकदा मलाच मागे टाकलं. दुसऱ्या दिवशी मी तोंडावर विचारलं, “का गं, घरचीच गाडी ना?”

“घरच्यांसाठी थांबले न्हाई, मावशी. तुमच्यासाठी का थांबू?”

भांडायला म्हणून गेले होते. तिकीट घेऊन पाटीशेजारी जाऊन बसले.

दिवाळीआधी तिने नोकरी सोडली.

परवा फाट्यावर गाडी थांबली. सासूच्या कडेवर पोरगी होती, मागे ती. पोरीने गाडीच्या दाराकडे हात पसरला. नवा कंडक्टर नुसता बघत राहिला.

“हे घे बाळा, माझ्याकडं हाय,” ती मागून म्हणाली. बिस्किटाचा पुडा तिने फोडूनच आणला होता.

पोरीचा हात दाराकडेच राहिला. डबल बेल झाली.