शिवलेला पासपोर्ट

मी बाइंडिंगच्या कारखान्यात फर्मे मोडते. फर्मा म्हणजे छापून आलेला मोठा कागद. त्याच्या घड्या घालून सोळा पानं करायची, पट्टीनं दाबायची आणि पलीकडच्या टेबलावर शिवायला द्यायची. सव्वीस वर्षं झाली. माझ्या घडीत आजवर कुणी खोट काढलेली नाही, आणि काढली असती तर मी ऐकून घेतली नसती. कारखान्यात सगळे मला काकू म्हणतात. एकटा सरळ्या ताई म्हणतो.

सरळ्या म्हणजे पलीकडच्या टेबलावरचा शिवणारा. खरं नाव वेगळं आहे, पण वाकडं काही दिसलं की त्याला राहवत नाही म्हणून हे पडलं. भिंतीवरचं कॅलेंडर, मालकांच्या टेबलावरची बिलं, चहावाल्याच्या शर्टाची कॉलर, सगळं हा जाता जाता सरळ करणार. सुटं पान तर त्याला बघवतच नाही. एकदा बँकेत पासबुक भरायला गेला आणि तिथलं फाटलेलं रजिस्टर शिवून आला. साहेब म्हणे चहा पाजून आभार मानत होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते याच खोडीपायी झालं.

त्याचं लग्न झालं तेव्हा तो चौतिसाचा होता. बायको नर्स. लग्नाच्या आधीच तिला परदेशातल्या हॉस्पिटलात नोकरी लागलेली होती. चार महिने दोघांनी एका खोलीत संसार केला आणि ती गेली. गेल्यावर कळलं की दिवस गेलेत. मुलगी तिकडेच झाली. तिकडच्या नियमानं बायकोला नवऱ्याला बोलावून घेण्यासाठी अर्ज करता येतो, तो तिनं केला. मग आम्ही त्याला सोडतोय होय? "नवरा नांदायला निघाला," "सासरी नीट वाग रे बाबा," असं रोज चालायचं. तोही हसायचा. म्हणायचा, "ताई, तिकडे ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करायला माणसं लागतात. तिनं चौकशी केलीय."

मुलगी वर्षाची असताना बायको तीन आठवडे येऊन गेली. सरळ्यानं लेकीला तेवढंच मांडीवर घेतलं. नंतर सगळं फोनवर. रोज जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन यायचा, तिकडे तेव्हा सकाळ असायची. लेक एकदा फाटलेलं चित्रांचं पुस्तक फोनसमोर धरून रडत होती. यानं डबा बाजूला सारून बायकोला अर्धा तास शिकवलं, खळ कशी पातळ करायची, पानाच्या कडेला कशी लावायची. बायको दमून म्हणाली, "अहो, चिकटपट्टी आहे घरात." यानं कपाळावर हात मारला. "चिकटपट्टी पिवळी पडते गं," एवढंच म्हणाला.

अर्जाला चार वर्षं लागली. लग्नाचे फोटो द्या, पत्रं द्या, फोनची यादी द्या, लग्न खरंच झालंय हे चार जणांकडून लिहून आणा. मीही लिहून दिलं. शेवटी मुलाखतीची तारीख आली, दहा आठवड्यांनंतरची. त्या दिवशी त्यानं सगळ्या कारखान्याला चहा दिला. पण पत्रात खाली लिहिलं होतं, पासपोर्टची मुदत पुरेशी हवी. याचा चार महिन्यांत संपत होता. म्हणजे आधी तो नवा करून घ्यायचा. त्यात काय मोठं, जुना द्यायचा आणि नवा घ्यायचा, असं आम्हाला वाटलं.

त्यानं पासपोर्ट दाखवायला आणला. चार वर्षांत त्याच्या इतक्या झेरॉक्स निघाल्या होत्या, आणि झेरॉक्सवाले तो काचेवर असा पालथा दाबत, की मधला दोरा तुटून पानं लोंबत होती. आणि आता माझं ऐका. मीच म्हणाले, "असली चिंधी घेऊन जाणार तू? बाइंडर म्हणवतोस ना?" थट्टेत म्हणाले. पण म्हणाले. आणि वर माझ्या खणातली पांढऱ्या दोऱ्याची रीळ काढून त्याच्या टेबलावर ठेवली. चांगला दोरा, आम्ही तो फक्त मोठ्या कोशांना वापरतो. अजून तो प्रसंग आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं काम केलं. पाठ ओली करून सोडवली, जुना दोरा चिमट्यानं काढला, त्याच भोकांतून नवा घातला. एक भोक जास्त नाही. पुठ्ठा परत चिकटवून वजनाखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला. कालच छापून आला असं वाटत होतं. मालक म्हणाले, "वा." मालक असं सहसा म्हणत नाहीत.

पासपोर्ट ऑफिसात त्याच्याबरोबर मी गेले होते. त्याला फॉर्मची भीती वाटते. टोकन घेतलं, दोन तास बसलो, नंबर लागला. खिडकीत एक तरुण बाई होती, चष्मेवाली. चांगली होती हो, मी तिला दोष देणार नाही. तिनं पानं चाळली, मधेच थांबली, बोटानं पाठ चाचपली. म्हणाली, "हा उघडलाय का कधी?"

मला तेव्हाच काहीतरी खटकलं. मी त्याचा शर्ट ओढला. पण आपलं कौतुक करणारं माणूस भेटलं असं त्याला वाटलं. चेहरा खुलला. म्हणाला, "मीच शिवलाय मॅडम. पानं सुटली होती. बघा, कुठे कळतंय का?"

बाईनं पासपोर्ट मिटला. मग उठून मागच्या टेबलावर गेली, तिथे एक जांभळा दिवा होता, त्याच्याखाली तिनं तो उघडून धरला. सरकारी दोरा त्या दिव्यात रंगीत चमकतो, हे तिनंच आम्हाला नंतर सांगितलं. पानांवरची नक्षी चमकत होती, मला खिडकीतून दिसत होती. मधली शिवण तेवढी काळी होती. माझ्या खणातला दोरा तो, तो कसा चमकणार.

ती परत आली तेव्हा तिचा आवाज उतरला होता. म्हणाली, "काका, पानं सुटलेली तशीच आणली असती तर मी आज घेतला असता. खराब झालेला म्हणून नोंद केली असती, थोडे दिवस लागले असते. आता हा उघडून पानं बदलली नाहीत कशावरून? मला वर पाठवावाच लागेल." पासपोर्ट तिनं ठेवून घेतला आणि एक पावती दिली. पावती तिरकी फाटली होती. बाहेर बाकावर बसून सरळ्यानं तिची कड पट्टीसारखी नखानं दुमडून सरळ केली. मला त्याच्या अंगावर ओरडायचं होतं.

मग चौकशी सुरू झाली. किती खेटे घातले ते विचारू नका. एका खिडकीवर जावं तर दुसरीकडे पाठवत, तिथला साहेब रजेवर. पोलीस येऊन खोली पाहून गेले. मी एका साहेबाला सरळ म्हणाले, "अहो, चोर असता तर लपवलं नसतं का? हा तर स्वतःहून दाखवत होता." साहेब म्हणाले, "बाई, बाहेर थांबा." थांबले बाहेर. काय करणार.

आमच्या मालकांना वाटलं, आपण लेखी काही द्यावं. मोठ्या मनाचा माणूस, पण लिहायला बसला की पाल्हाळ लावतो. कारखान्याच्या कागदावर टाइप करून घेतलं: सदर इसम आमच्याकडे सतरा वर्षं असून अत्यंत प्रामाणिक आहे, त्याच्या हातात अशी कला आहे की कोणतंही पुस्तक उघडून, पानं काढून, पुन्हा असं शिवून देईल की जाणकारालाही कळणार नाही. खाली सही, शिक्का. आम्ही सगळ्यांनी वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं आमच्या. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की आपण काय लिहून देतोय. साहेबांनी ते वाचून फाइलला लावलं आणि लाल पेन्सिलीनं एका ओळीखाली रेघ मारली. कुठल्या, ते सांगायला नको. हसायचं तर हसा. मीसुद्धा एकदा हसले आणि मग संडासात जाऊन रडले.

मुलाखतीची तारीख गेली. बायकोनं विनंती करून एकदा पुढची तारीख मिळवली. तीही गेली. पासपोर्टच नाही तर माणूस दारात तरी उभा राहील का? तिकडच्या ऑफिसनं फाइल बाजूला ठेवली. चौदा महिन्यांनी इकडचा निकाल आला: पानं मूळचीच आहेत, हेतू वाईट दिसत नाही, परंतु सरकारी दस्तऐवजात फेरफार केलेला असल्यामुळे नवीन पासपोर्टसाठी तीन वर्षांनंतर अर्ज करावा. त्यानंतर बायकोनं पुन्हा पहिल्यापासून अर्ज करायचा. म्हणजे पुन्हा चार वर्षं. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. हिशोब त्यानं केला नाही, मीही केला नाही. दोघांनाही येत होता.

फोन येत राहिले, पण रोजचे दोन दिवसांआड झाले, मग रविवारचे. एकदा त्यानं लेकीला विचारलं, ते चित्रांचं पुस्तक कसं आहे? ती तिकडच्या भाषेत काहीतरी म्हणाली. बायकोनं सांगितलं, "ते टाकलं अहो केव्हाच. नवं आणलं." सरळ्या म्हणाला, "बरं केलंस."

मला त्याच्या बायकोचा राग यायचा. एकदा फोन माझ्या हातात आला तेव्हा मी बोलले तिला, "जरा धीर धर की."  ती म्हणाली, "ताई, सहा वर्षं धीरच धरलाय. रात्रपाळी करते, सकाळी हिला शाळेत सोडते, आजारी पडले तर पाणी द्यायला कुणी नाही. मी इकडे नवऱ्याचीही नाही आणि एकटीही नाही. माझं चुकतंय का?"  तेव्हापासून मी तिच्यावर रागावणं सोडलं. आता राग कुणावर काढायचा तेच कळत नाही, म्हणून सगळ्यांवर काढते.

गेल्या महिन्यात त्याच्या नावानं कारखान्याच्या पत्त्यावर जाड पाकीट आलं. सुट्टी होती जेवणाची. त्यानं कड सुरीनं सरळ कापून उघडलं. वर तिच्या हातची अर्धं पान चिठ्ठी, अर्ज मागे घेतला आहे, रागावू नका. खाली अकरा कागद, संमतीनं वेगळं व्हायचे. सह्यांच्या जागी तिनं पेन्सिलीनं बारीक फुल्या केल्या होत्या. आणि एक जुन्या पासपोर्टची झेरॉक्स, अर्जाबरोबर तिनं दिलेली, ती तेवढी त्याला परत पाठवली होती.

कागदांना लावलेला चाप प्रवासात निघाला होता. सगळे इकडचे तिकडे झाले होते, एकाचा कोपरा दुमडलेला. त्यानं अकराही कागद वाचले. सही केली, फुली होती तिथे तिथे, आणि सही वाळेपर्यंत फुंकर घातली. मी बघत उभी होते. मला काय करावं सुचेना तेव्हा माझा हात आपोआप सुईकडे गेला. म्हणाले, "दे इकडे. दोन टाके घालते, वाटेत हरवायचे नाहीत तरी."

"नको ताई," तो म्हणाला. "सरकारी कागद आहेत. हात लावायचा नाही."

आणि त्यानं ते तसेच उचलले, वाकडे, एकाची कड दुसऱ्याच्या बाहेर आलेली, तो दुमडलेला कोपराही तसाच, आणि पाकिटात सारले. पाकिटाला एका बाजूनं फुगवटा आला होता. मग डबा उघडून तो जेवायला बसला.